शून्य म्हटल्यावर

लेथवाल्याकडून पितळी नॉब आणायला धाकटा सकाळीच बाहेर पडला. काम साधंच होतं. नवा अ‍ॅम्प्लिफायर तयार होता, पेटी बसली होती, तारा जोडून झाल्या होत्या. आवाज कमी-जास्त करायचा नॉब तेवढा राहिला होता. बाजारात मिळतात ते प्लास्टिकचे त्याला नको होते. हाताला वजन लागलं पाहिजे आणि तरी फिरवताना बोटाला कळता कामा नये, असा त्याचा हट्ट. लेथवाल्यानं वैतागून तो पुन्हा पुन्हा घासून दिला होता.

"घ्या," लेथवाला म्हणाला, "आता हा नुसता बघितला तरी फिरेल."

धाकटा हसला, नॉब रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि घरी आला.

घराच्या पुढच्या खोलीतच दोघा भावांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पाटी नाही, काचेची कपाटं नाहीत. दोन खुर्च्या, एक लांबलचक टेबल, त्यावर अ‍ॅम्प्लिफायर ओळीनं मांडलेले, आणि भिंतीवर लाकडी खुंट्यांना टांगलेले हेडफोन. तिथं यायची ती वेडीच माणसं. कुणाकडे भारी हेडफोन असायचा पण त्याला साजेसा अ‍ॅम्प नसायचा, कुणाचं उलट. त्यांची जोडी जमवून द्यायची, हा यांचा धंदा. थोरल्याला सगळं गाव दादा म्हणायचं, आणि दादा स्वतःला म्हणायचा, सोयरीक जमवणारा. जगाच्या जोड्या लावता लावता त्याची स्वतःची मात्र राहून गेली होती. "मला पेलणारा अ‍ॅम्प कुणी बनवलाच नाही," असं तो सांगायचा आणि लोक हसायचे.

दादाचा खरा जीव प्लेनार हेडफोनवर. साध्या हेडफोनमध्ये एवढासा शंकू थरथरतो. प्लेनारमध्ये केसाहून पातळ पडदा लोहचुंबकांच्या रांगांमध्ये ताणून बसवलेला असतो आणि तो अख्खाच्या अख्खा हलतो. गाणारा श्वास कुठं घेतो, कुठं चोरतो, तेही कळतं. पण ही जात खादाड. मोबाइलला जोडा, नुसती कुजबुज ऐकू येईल. त्याला पोटभर वीज देणारा दमदार अ‍ॅम्प लागतो, आणि नॉब पार उजवीकडे न्यावा लागतो. याउलट कानाच्या भोकात घालायचे नाजूक इअरफोन, त्यांना चिमूटभर पुरते. प्लेनारसाठी वर नेलेला नॉब तसाच राहिला आणि त्याच अ‍ॅम्पला इअरफोन जोडून कुणी कानात घातला, तर कानाची माती होते. या धंद्यात होऊ शकणारी सगळ्यात वाईट चूक हीच.

म्हणून या घरात शून्याचा नियम होता. कानावरचं काही बदलायचं झालं की ऐकणाऱ्यानं विचारायचं, "शून्य?" नॉबपाशी बसलेल्यानं नॉब पार डावीकडे आणायचा आणि मगच उत्तर द्यायचं, "शून्य." त्यानंतरच कानाला काही लावायचं. नियम दादाचा. तो नेहमी डोळे मिटून ऐकायचा, बदलतानाही डोळे उघडायचा नाही, हातानंच चाचपडून घालायचा. जगात त्याचा कशावर विश्वास असेल तर धाकट्याच्या त्या एका शब्दावर.

बाकी धाकट्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. अ‍ॅम्प बनवायचा धाकटा, कथील वितळवून तारांना डाग द्यायचा धाकटा, आणि गिऱ्हाइकासमोर दादा त्याचा कान धरून म्हणायचा, "याला हे देवानं चष्मा अडकवायला दिलेत." गिऱ्हाईक हसायचं. धाकटाही हसायचा. हसणं हा त्याच्या कामाचाच भाग झाला होता.

त्या दिवशीही तेच झालं. नॉब बसवला, नवा अ‍ॅम्प चालू केला. महिनोन् महिने खपून धाकट्यानं तो खास दादाच्या प्लेनारसाठी बांधला होता. समोर दोघं जुनी गिऱ्हाइकं बसलेली. दादानं डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं, मग पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "ऊब छान देतो. थंडीत पाय शेकायला होईल."

गिऱ्हाइकं खो खो हसली. आपली बायको आतल्या दारात उभी आहे आणि ती हसली नाही, हे धाकट्यानं पाहिलं.

खरं सांगायचं तर एवढ्यावरही निभावलं असतं. अपमान गिळायची त्याला सवय होती. पण बायकोला दिवस गेले होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, औषधपाणी करून दोघं थकली होती, आणि आता कुठं ती पोटाशी हात धरून सावकाश चालत होती. या घरात दुपारी दादाच्या ऐकण्याच्या वेळी मिक्सर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही, दाराच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल. तिला काम करताना गुणगुणायची सवय होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दादानं तिला 'सूनबाई' म्हणत, गोड बोलून ती सोडवली होती. धाकट्याला आता दुसरं काही नको होतं. आपलं मूल या घरात घसा फाडून रडावं आणि आपण ते ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. रात्रंदिवस तो त्याच विचारात असायचा.

गिऱ्हाइकं गेली. दादा खुर्चीत टेकला आणि उगाच काहीतरी सुचल्यासारखं म्हणाला, "मूल आजोळीच राहू दे तिकडे. सूनबाई पण. रडायचं वय संपलं की आणा."

धाकट्यानं विचारलं की ते वय केव्हा संपतं. दादा म्हणाला, होईल दोन-तीन वर्षांत, तोवर तू अधूनमधून जाऊन येत जा. वर हेही म्हणाला की मुलाच्या रडण्यात ऐकण्यासारखं काही नसतं, सगळ्यांची सारखीच रडतात. मग त्यानं डोळे मिटले आणि प्लेनार पुन्हा कानांवर चढवला. त्याला या नव्या अ‍ॅम्पवर इअरफोनही ऐकून पाहायचा होता.

दुपार टळटळीत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्लेनारमधून बाहेर झिरपणारं गाणं एखाद्या डब्यात कोंडलेल्या माशीएवढं ऐकू येत होतं. पितळी नॉब पार उजवीकडे होता. दादानं गाणं अर्धवट सोडून प्लेनार उतरवला, मिटल्या डोळ्यांनी केबल काढून दिली, आणि इअरफोनसाठी हात पुढे केला. धाकट्यानं इअरफोनची केबल जोडली आणि ती चिमुकली बोंडं त्याच्या तळहातावर ठेवली.

"शून्य?" दादानं विचारलं.

धाकट्याचं बोट नॉबवर होतं. नॉब इतका गुळगुळीत होता की तो वळवायला काहीच कष्ट नव्हते.

"शून्य," धाकटा म्हणाला.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचं तोंड उघडलं, पाठ ताठ झाली, आणि दोन्ही हात हवेत तसेच राहिले. इअरफोन आपण होऊन गळून पडले, आणि मग खोलीभर ते गाणं इतकं मोठ्यानं वाजलं की धाकट्यानं घाईनं नॉब डावीकडे नेला. आता तो खरोखरच शून्यावर होता. दादाच्या डाव्या कानातून रक्ताची एक बारीक रेघ मानेवर उतरत होती.

"बंद झालं का?" दादा फार मोठ्यानं म्हणाला. "धाकट्या... बंद झालं का सगळं?"

डॉक्टरांनी सांगितलं की नसच गेली, आता कानातलं यंत्रही उपयोगी पडायचं नाही. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. पण दादानं त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. विचारायला आलेल्या प्रत्येकाला तो त्या नव्या, सपाट, ओरडल्यासारख्या आवाजात सांगायचा, "चूक माझीच. मी घाई केली." लोकांनी हळहळ केली, आणि धाकट्याला म्हणाले, भावाला जप.

धाकट्यानं जपलंही. ताट वेळेवर, औषध वेळेवर. पण घर मोकळं झालं, हेही खरं. बायको मिक्सर लावायला लागली. दारं खुशाल आपटायला लागली. एका सकाळी ती कपडे वाळत घालताना गुणगुणली. धाकटा हातातलं काम टाकून दाराशी उभा राहिला, आणि त्याला वाटलं, देवानं केलं ते बरंच केलं. देवानं केलं, असंच तो स्वतःशी म्हणायला लागला होता.

काही दिवसांनी दादानं भिंतीवरून प्लेनार उतरवला आणि कानांवर चढवून आपल्या खुर्चीत बसला. केबल कशालाही जोडलेली नव्हती. जॅक खुर्चीच्या पायाशी लोंबत होता. बायको हळहळली. राहू द्या, म्हणाली, तेवढंच मन रमेल त्यांचं. दादा रोज दुपारी तसा बसू लागला, डोळे मिटून, मान किंचित कलती. अजून गाणं ऐकत असल्यासारखी त्याच्या पायाची बोटं हलायची.

माणूस एकदा सुटला की त्याला माज चढतो. एका दुपारी धाकटा त्याच्यासमोर उभा राहिला, तोंडावर हसू ठेवून, आणि साध्या आवाजात म्हणाला, "काय दादा, आता तुझेच कान चष्मा अडकवायला झाले की."

दादानं डोळे उघडले नाहीत.

"मला अजून चष्मा लागत नाही," तो म्हणाला.

धाकटा मागे सरला. ओठ वाचले म्हणावं तर डोळे मिटलेले होते. त्यानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दादानं हेडफोन उतरवून ठेवल्यावर त्याच्या पाठीमागे लोखंडी ट्रे दाणकन् फरशीवर टाकला. आतून बायको दचकून धावत आली. दादा पाठमोरा चहा पीत राहिला, कपातला चहासुद्धा हलला नाही. बहिरा तर बहिरा होता. पण दुसऱ्या दुपारी प्लेनार कानांवर चढला, आणि दादा बसल्या जागेवरून म्हणाला, "फ्रिज जुना झालाय. घरघरतो."

धाकट्यानं कान दिला. फ्रिजचा आवाज येत नव्हता. तो स्वयंपाकघरात गेला, फ्रिजवर हात ठेवला. हाताला थरथर लागत होती. त्यानं पत्र्याला कान टेकवला. काही नाही... फ्रिज चालू होता आणि त्याला ऐकू येत नव्हता.

धाकटा इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुरलेला माणूस. वाजणारा पडदा ऐकूही शकतो, हे त्याला ठाऊक होतं. हेडफोन उलटा जोडला तर तो माइक होतो, आवाजानं पडदा हलतो आणि तारेतून वीज निघते. पण तार कुठं जोडलेली असेल तेव्हा ना? इथं तार फरशीवर लोळत होती. तो स्वतःची समजूत घालत राहिला, आणि त्याच आठवड्यात दादा म्हणाला, "मोरीतला नळ गळतोय." धाकटा मोरीत जाऊन उभा राहिला. थेंब पडत होता, बादलीतल्या पाण्यावर वर्तुळ उठत होतं, आणि अगदी निःशब्द. मग डाग देताना होणारी चुरचुर गेली. मग स्वतःच्या चपला. दादा एकेक आवाज नाव घेऊन सांगायचा, चवीनं, पानात वाढलेला पदार्थ ओळखावा तसा, आणि तो आवाज धाकट्याच्या कानांतून कायमचा जायचा.

तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. तेच डॉक्टर. त्यांनी बारीक-मोठे सगळे सूर ऐकवून पाहिले आणि कागद पाहून हसले. म्हणाले, तुमचे कान ठणठणीत आहेत, भावाचं पाहून तुमच्या मनानं घेतलंय. धाकट्यालाही ते सूर नीट ऐकू आले होते. दवाखान्यातला पंखाही ऐकू येत होता. घरचे आवाज तेवढे नव्हते.

घरी आला तेव्हा दादा खुर्चीत होता. बायको आत काहीतरी निवडत बसली होती. तिचं पोट आता चांगलंच दिसत होतं.

"सूनबाई गुणगुणतायत," दादा म्हणाला. "गळा चांगला आहे रे. मी कधी नीट ऐकलाच नव्हता."

धाकटा धावत आत गेला. बायकोचे ओठ मिटलेले होते, गळ्याची शीर हलत होती, मान आपल्या लयीत डुलत होती. तिनं वर पाहिलं आणि काहीतरी विचारलं. ओठ हलले फक्त. त्यानं तिला पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा बोलायला लावलं... ती घाबरून रडायला लागली, आणि तिचं रडणंही त्याला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी त्याला खरी भीती कळली. बायकोचा आवाज गेला, आता बाळाचा राहिला होता.

दादा आंघोळीला गेल्यावर त्यानं कटर घेऊन प्लेनारची केबल कापली, कानावरच्या वाटीपासून वीतभर अंतरावर. दुपारी दादानं तो तसाच, तुटक्या तारेसकट कानांवर घातला आणि म्हणाला, "कबुतरं बसलीत छपरावर." छपरावरचं गुटुरगू थांबलं. मग धाकट्यानं हेडफोन उघडला. स्क्रू काढले, जाळी बाजूला केली, चुंबकांच्या रांगेआडचा तो पातळ चकचकीत पडदा दिसला. फाडायचा म्हणून त्यानं चिमट्याचं टोक त्याला नुसतं लावलं. त्याच्या स्वतःच्या डोक्यात, कानाच्या पार आत, असं काही टर्रकन फाटलं की तो टेबलाखाली कोसळला. बराच वेळ तो तिथंच पडून होता. मग उठून त्यानं सगळे स्क्रू पुन्हा नीट आवळले.

आता त्या घरात त्याला एकच आवाज ऐकू यायचा, दादाचा.

बाळंतपण जवळ आलं तशी त्यानं लाज सोडली. भर दुपारी तो दादाच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसला, त्याचे पाय धरले, आणि जे केलं ते पहिल्यांदा तोंडानं म्हणाला. नॉब शून्यावर नव्हता. मला माहीत होतं. मी मुद्दाम म्हणालो. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, आपण बोलतो आहोत की नुसते ओठ हलवतो आहोत हे कळत नव्हतं, तरी तो बोलत राहिला. म्हणाला, बाकी सगळं घे, बाळाचं रडणं तेवढं मला ठेव.

दादानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात जड होता.

"मी काय घेणार तुझं?" तो म्हणाला. "मी बहिरा माणूस." हात तसाच ठेवून पुढे म्हणाला, "रडू दे की पोटभर. घरात आवाज हवा होता ना तुला?"

बायकोला दवाखान्यात नेलं ती सकाळची वेळ होती. धाकट्याला धीर होता, तो एकाच गोष्टीचा. दवाखाना घरापासून लांब होता. घराबाहेरचे आवाज अजून त्याचे होते. रिक्षा ऐकू येत होत्या, दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुणाची काठी टकटकत होती, नर्सच्या चपला फटफटत होत्या. तो दाराशी कान लावून बसला. आतून डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकू आलं, पाण्याचा नळ ऐकू आला, कुणीतरी "आता, आता" म्हणालं. त्यानं श्वास रोखला.

दार उघडलं. नर्सनं हसत हसत कपड्यात गुंडाळलेलं बाळ त्याच्यासमोर धरलं. "बघा, किती ओरडतीये. मुलगी आहे." नर्सचा शब्द न् शब्द त्याला ऐकू आला. मुलीचं तोंड कोवळ्या चोचीसारखं उघडलेलं होतं, टाळू दिसत होती, जीभ थरथरत होती, चेहरा लालबुंद झाला होता. तिच्याकडून काहीही येत नव्हतं. ती घराबाहेरची नव्हती. ती घरचीच होती.

धाकटा तिथून निघाला तो थेट घरी आला.

दादा खुर्चीत बसला होता. कानांवर प्लेनार, तुटकी तार खांद्यावर लोंबत होती. समोर टेबलावर धाकट्यानं बांधलेला तो अ‍ॅम्प होता. त्याचा प्लग भिंतीतून काढून ठेवलेला. दादाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय गळा आहे रे..." तो म्हणाला. "सगळ्यांची सारखीच रडतात म्हणालो होतो मी. चुकलो."

दादानं प्लेनार उतरवला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"ये. ऐक."

पळून जावं, असं धाकट्याच्या मनात आलं. तो मूर्ख नव्हता. दादाचा उजवा हात हेडफोन सोडून पितळी नॉबवर गेलेला त्यानं पाहिला. पण त्या दोन काळ्या गाद्यांच्या आत त्याची मुलगी रडत होती. त्यानं खुर्चीशेजारी बसून हेडफोन घेतला. दादाच्या कानांची ऊब अजून त्याला होती.

"शून्य?" धाकट्यानं विचारलं.

"शून्य," प्रश्न ऐकू न येताही दादा म्हणाला.

आधी नुसती शांतता होती, दादा गिऱ्हाइकांना ज्या शांततेचं कौतुक सांगायचा तशी, काळी आणि खोल. मग तिच्या तळाशी एकेक आवाज उमटू लागला. फ्रिजची घरघर. बादलीत पडणारा थेंब. कबुतरं. बायकोचं गुणगुणणं, इतकं जवळ की मानेवर श्वास लागावा. आणि मग, लांबून, बारीक, ओलं, रागावलेलं... धाकटा हमसून हमसून रडायला लागला. जन्मभरात त्यानं असं काही ऐकलं नव्हतं. श्वास कुठं घेते, कुठं अडखळते, ओठ कुठं मिटतात, सगळं कळत होतं.

दादाची बोटं हलली. नॉब थोडासा उजवीकडे गेला.

रडणं वाढलं. धाकट्याचे हात हेडफोनकडे गेले, पण काढायला नाही, दाबून धरायला. नॉब आणखी गेला. काढला असता तर निदान दवाखान्यातल्या पायऱ्या, रिक्षा, नर्सच्या चपला एवढं तरी त्याला राहिलं असतं. त्याला ते समजत होतं. पण काढला असता तर मुलगी गेली असती. दादा त्याच्याकडे बघत होता, पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी. मग नॉब पार उजवीकडे गेला.

बायको बाळाला घेऊन घरी आली तेव्हा घरात दोन बहिरे पुरुष होते. धाकट्याला आता कुठंच काही ऐकू येत नव्हतं, दादाचा आवाजही नाही. लोकांनी हळहळ केली. आनुवंशिक असेल, म्हणाले.

दुपार होती. पुढच्या खोलीत दादा आपल्या खुर्चीत, प्लेनार लावून. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बायको पाळण्याकडे पाठ करून धुतलेले कपडे घडी करत बसली होती, हाताच्या अंतरावर. धाकटा दारात उभा होता. पाळण्यात मुलगी रडत होती. तोंड उघडं, मुठी आवळलेल्या, चेहरा काळानिळा पडत चाललेला, गालांवरून पाणी वाहतंय. बायको शांतपणे बाह्या दुमडत होती.

धाकट्यानं पुढे होऊन तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पाळण्याकडे बोट दाखवलं. तिनं वळून पाहिलं, कपडे फेकले आणि मुलीला उचलून छातीशी धरलं. मग त्याच्याकडे बघून, खुणा करकरून, पुन्हा पुन्हा ओठ हलवून, तिनं त्याला जे समजावलं ते त्याला हळूहळू कळलं. मुलीला आवाज नाही. जन्मली तेव्हा खूप रडली होती. तुम्ही निघून गेलात, त्यानंतर थोड्या वेळानं, रडता रडता मध्येच आवाज बंद झाला. डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही दोष नाही. तेव्हापासून ती अशीच रडते, तिच्याकडे बघितलं तरच कळतं. म्हणून बायको रात्रभर दिवा लावून जागी असते.

मुलगी अजून रडतच होती. बायको तिला हलवत होती, पाठीवर थोपटत होती, काही उपयोग होत नव्हता.

धाकट्यानं वळून पुढच्या खोलीत पाहिलं. दादाच्या कपाळाला आठी पडली होती. शेजारी कुणी फार मोठ्यानं बोलायला लागलं की माणसाला पडते तशी. त्यानं डोळे न उघडता हात लांब केला, प्लग काढलेल्या अ‍ॅम्पवरचा पितळी नॉब बोटांत धरला, आणि सावकाश डावीकडे, पार शून्यापर्यंत आणला.

बायकोच्या कुशीत मुलीनं तोंड मिटलं.